दोन साक्षी कोण? प्रकटीकरण ११ च्या अर्थनिर्णयाची एक समीक्षा

प्रकटीकरणाच्या पुस्तकावर वर्ग घेतला, किंवा एखाद्या मंडळीत त्यावर चार दिवस प्रवचने केली, की एक प्रश्न हमखास पुढे येतो : अकराव्या अध्यायातील ते दोन साक्षी कोण? विचारणारा चेष्टेने विचारीत नसतो. त्याने कोठेतरी एखादी पुस्तिका वाचलेली असते, किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवर आलेली चित्रफीत पाहिलेली असते, आणि तीत दोन नावे छातीठोकपणे सांगितलेली असतात. पाळकसाहेबांनी त्या नावांना होकार द्यावा, नाहीतर दुसरी दोन सांगावीत, एवढीच त्याची अपेक्षा असते. "शास्त्राने नावे दिलेली नाहीत" हे उत्तर त्याला पाळकाच्या अपुऱ्या अभ्यासाचे लक्षण वाटते. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा पाळकालाही मनातून तसेच वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही नावांच्या यादीत आणखी एका नावाची भर घालणार नाही. नावे शोधण्याची जी रीत सुमारे अठराशे वर्षे चालत आली आहे तिचीच परीक्षा करावी, असा आमचा हेतू आहे. त्यासाठी तीन कसोट्या आम्ही पुढे ठेवतो. पहिली, सुचविलेला अर्थ उताऱ्यातील सर्व तपशिलांना लागू पडतो की सोयीच्या दोनचार तपशिलांनाच? दुसरी, आशियातील ज्या सात मंडळ्यांना हे पुस्तक प्रथम वाचून दाखविण्यात आले, त्यांना त्या अर्थातून काही बोध झाला असता काय? तिसरी, तो अर्थ ऐकणाऱ्याला देवाच्या वचनाखाली आणतो की दुरून पाहणारा प्रेक्षक बनवितो? पाळकाच्या दृष्टीने ही तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, असे आम्हांस वाटते.

उताऱ्यात काय आहे

अर्थ लावण्यापूर्वी वर्णन नीट पाहिले पाहिजे. दोन साक्षी गोणपाट नेसून १२६० दिवस संदेश देतात. त्यांना दोन जैतुनाची झाडे व दोन समया म्हटले आहे. त्यांना उपद्रव करू पाहणाऱ्याला त्यांच्या तोंडून निघणारा अग्नी खाऊन टाकतो. पाऊस पडू नये म्हणून आकाश बंद करण्याचा, पाण्याचे रक्त करण्याचा व पृथ्वीला पीडांनी पीडण्याचा अधिकार त्यांना आहे. त्यांची साक्ष पुरी झाल्यावर अगाधकूपातून वर येणारे श्वापद त्यांच्याशी लढून त्यांना जिंकते व ठार मारते. मोठ्या नगराच्या रस्त्यावर त्यांची प्रेते साडेतीन दिवस पडून राहतात. लोक आनंद करतात, एकमेकांना भेटी पाठवितात. मग देवापासून जीवनाचा श्वास त्यांच्यांत येतो, ते पायांवर उभे राहतात आणि मेघातून वर घेतले जातात. भूकंप होऊन नगराचा दहावा भाग पडतो, सात हजार माणसे मरतात, आणि उरलेले लोक भयभीत होऊन स्वर्गाच्या देवाचे गौरव करतात.

या वर्णनातील जवळजवळ प्रत्येक रेषा जुन्या करारातून घेतलेली आहे. आकाश बंद करणे हे एलीयाचे कार्य, पाण्याचे रक्त करणे हे मोशेचे. तोंडातील अग्नी यिर्मयाच्या पाचव्या अध्यायातला. तेथे देव संदेष्ट्याच्या मुखातील आपली वचने अग्नीसारखी करतो. प्रेतांत श्वास येऊन ती पायांवर उभी राहणे हे यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातले. जैतुनाची झाडे आणि समई जखऱ्याच्या चौथ्या अध्यायातली. नगरालाही तीन ओळखी आहेत : आध्यात्मिक अर्थाने त्याला सदोम व मिसर म्हटले आहे, आणि जेथे प्रभू वधस्तंभावर खिळला गेला ते हेच, असेही सांगितले आहे. हेच "मोठे नगर" पुढे सतराव्या व अठराव्या अध्यायांत बाबेल या नावाने येते. एकाच नगराला चार नावे देणारा लेखक नकाशावरील एकाच ठिकाणाकडे बोट दाखवीत असेल, असे मानणे कठीण आहे.

मूळ ग्रीक पाठातील आणखी एक बारकावा मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतो. पाचव्या वचनात त्या दोघांचे तोंड एकवचनी आहे. आठव्या वचनात, आणि प्राचीन हस्तलिखितांच्या आधारे ठरविलेल्या पाठानुसार नवव्या वचनाच्या आरंभीही, त्या दोघांचे "प्रेत" एकवचनी आहे. त्याच वचनात पुढे, त्यांना कबरेत ठेवू दिले जात नाही असे सांगताना, ते अनेकवचनी होते. दोन माणसांचे एक तोंड आणि एक प्रेत! व्याकरणाच्या एवढ्याशा फरकावर मोठी इमारत उभारू नये हे खरे. परंतु दोघांना दोन स्वतंत्र व्यक्ती म्हणून रेखाटण्याचा योहानाचा आग्रह नाही, इतके त्यावरून दिसते.

आद्य आचार्यांची नावे

मंडळीच्या आरंभीच्या शतकांत सर्वांत मान्य झालेली नावे म्हणजे हनोख आणि एलीया. इ.स. २०० च्या सुमारास हिप्पोलिटस यांनी ती दिली. तेर्तुल्यान यांनी आत्म्याविषयीच्या ग्रंथात असे मांडले की, हनोख व एलीया यांना मरण आले नाही, ते केवळ पुढे ढकलले गेले आहे. ख्रिस्तविरोधकाला आपल्या रक्ताने विझविण्यासाठी त्यांना राखून ठेवले आहे. पौर्वात्य मंडळ्यांत व रोमन कॅथलिक परंपरेतही ही समजूत दीर्घकाळ टिकली. सोळाव्या शतकात कार्डिनल बेलार्मिन यांनी तिचा वादात उपयोग केला : हनोख व एलीया अद्याप आलेले नाहीत, तेव्हा ख्रिस्तविरोधकही आलेला नाही, आणि म्हणून पोपला ख्रिस्तविरोधक म्हणणारे प्रोटेस्टंट लोक चुकत आहेत.

प्रकटीकरणावरील जी सर्वांत जुनी लॅटिन टीका आपल्यापर्यंत पोहोचली आहे, ती पेटाऊ येथील अध्यक्ष व्हिक्टोरिनस यांची. इ.स. ३०४ च्या सुमारास ते रक्तसाक्षी झाले. त्यांनी एलीयाला ठेवले, परंतु मोशे किंवा अलीशा यांची नावे नाकारली, कारण ते दोघे मरण पावले आहेत. यिर्मयाच्या मृत्यूचा उल्लेख शास्त्रात सापडत नाही, म्हणून दुसरा साक्षी यिर्मया, असे त्यांनी पूर्वजांच्या आधाराने सांगितले. उलट मोशे व एलीया या जोडीला आधुनिक काळात पुष्कळ अनुयायी मिळाले. उताऱ्यातील चमत्कार त्यांचेच आहेत आणि रूपांतराच्या डोंगरावर प्रभूबरोबर तेच दोघे दिसले, हे त्यांचे बळ.

या सर्व नावांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे : कोण मेला नाही? इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात माणसाला एकदाच मरणे नेमले आहे असे म्हटले आहे. तेव्हा जे मेले नाहीत त्यांचे मरण अद्याप शिल्लक आहे, असा हा हिशेब आहे. पण हा हिशेब शास्त्रातच मोडतो. लाजार मरून उठला, आणि तो पुन्हा मरण पावलाच नसेल असे कोणी मानीत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाप्रमाणे प्रभूच्या आगमनसमयी जे जिवंत राहतील ते मरणाशिवाय त्याला भेटतील. मरणाची ही थकबाकी वसूल करण्यासाठी योहानाने अकरावा अध्याय लिहिला, असे उताऱ्यात कोठेही सुचविलेले नाही. हनोखाचे तर एकही लक्षण तेथे नाही. मोशे व एलीया यांची लक्षणे आहेत, पण ती वाटून दिलेली नाहीत : आकाश बंद करण्याचा आणि पाण्याचे रक्त करण्याचा अधिकार दोघांनाही सामाईक आहे. एक मोशे व दुसरा एलीया असे योहानाला सांगावयाचे असते, तर त्याने एकेकाला एकेक कार्य दिले असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रभूच्या स्वतःच्या उदाहरणाचा आहे. मलाखीच्या अखेरीस एलीया येईल असे नाव घेऊन सांगितले आहे. रूपांतराच्या डोंगरावरून उतरताना शिष्यांनी त्याविषयी विचारले, तेव्हा प्रभूने उत्तर दिले की एलीया येऊन गेला, लोकांनी त्याला ओळखले नाही, आणि मन मानेल तसे त्याच्याशी वर्तन केले. शिष्यांना समजले की हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी आहे. म्हणजे जेथे भविष्यात नाव दिलेले होते तेथेही पूर्णता निराळ्या नावाच्या मनुष्यात झाली, आणि नावाची वाट पाहत बसलेल्यांना ती दिसली नाही. मग जेथे नाव दिलेलेच नाही, तेथे आम्ही नावाचा हट्ट कोणत्या आधाराने धरावा?

तथापि आद्य आचार्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. साक्ष ही हाडामांसाच्या माणसांनी, मरणाची किंमत देऊन द्यावयाची असते, ही जाणीव त्यांच्या अर्थात जिवंत राहिली. व्हिक्टोरिनस यांनी लिहिले तेव्हा ते मरण त्यांच्याही दाराशी उभे होते.

इतिहासात शोधलेली नावे

मध्ययुगात शोधाची दिशा बदलली. जे येणार आहेत त्यांच्याऐवजी जे येऊन गेले किंवा आज आहेत त्यांच्यांत साक्षी शोधले जाऊ लागले. फियोरे येथील मठाधिपती योआकीम १२०२ मध्ये वारले. त्यांच्या विचारांचा पगडा असलेल्यांना तेराव्या शतकात फ्रान्सिसकन व दोमिनिकन या दोन नव्या संघांत दोन साक्षींची पूर्णता दिसली. धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट व्याख्याकारांनी पोपसत्तेला श्वापद ठरविले आणि तिच्याकडून मारले गेलेल्यांत साक्षी शोधले. कॉन्स्टन्स येथे १४१५ मध्ये जाळले गेलेले यान हुस आणि १४१६ मध्ये तेथेच जाळले गेलेले प्राग येथील जेरोम, ही जोडी तर जणू तयारच होती.

या पद्धतीचा कळस म्हणजे इंग्लंडमधील ई. बी. इलियट यांचा १८४४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला बृहद्ग्रंथ 'होरे अपोकॅलिप्टिके'. ५ मे १५१४ रोजी पाचव्या लॅटरन परिषदेत एका वक्त्याने आता विरोध करणारा कोणी उरला नाही असे उद्गार काढले; इलियट यांच्या मते ते साक्षींच्या मरणाची घोषणा होती. तेथून साडेतीन दिवस, म्हणजे एका दिवसास एक वर्ष या हिशेबाने साडेतीन वर्षे मोजली, की ३१ ऑक्टोबर १५१७ येते. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर यांचे प्रबंध प्रसिद्ध झाले आणि साक्षी पुन्हा पायांवर उभे राहिले. याच शतकातील दुसऱ्या काही व्याख्याकारांनी दोन साक्षी म्हणजे जुना व नवा करार असे धरून, फ्रान्समध्ये १७९३ मध्ये धर्माविरुद्ध उठलेल्या लाटेत त्यांचा वध व साडेतीन वर्षांनी पुनरुत्थान पाहिले.

इलियट यांचा व्यासंग दांडगा होता, आणि तारखा जुळतात हेही खरे. पण कसोट्या लावून पाहा. लावदिकीया किंवा स्मुर्णा येथील श्रोत्याला १५१४ व १७९३ या सालांचा काय उपयोग होता? शिवाय या मोजणीत साक्षींचे १२६० दिवस शतके होतात, मात्र सात हजार मृतांचा आकडा जसाच्या तसा घ्यावयाचा की त्यालाही दुसरा अर्थ द्यावयाचा, हे दर वेळी व्याख्याकाराच्या सोयीने ठरते. जे माप गरजेप्रमाणे लांब-आखूड करता येते, त्याने केलेली मोजणी कितीही अचूक दिसली तरी ती प्रमाण मानता येत नाही.

तिसऱ्या कसोटीवर तर या पद्धतीने अधिक नुकसान केले. हुस यांच्या चितेचा धूर खरा होता. त्यांची साक्षही खरी होती. परंतु साक्षींची नावे ठरली की श्वापदाचे नावही ठरते, आणि ते नाव बहुधा शेजाऱ्याचे असते. गोव्यात किंवा बेळगावात जेथे कॅथलिक व प्रोटेस्टंट कुटुंबे एकाच वस्तीत राहतात, एकमेकांच्या मयतीला जातात, तेथे वेदीपाठीवरून असा अर्थ सांगणाऱ्याने आपण काय पेरीत आहो याचा विचार करावा.

स्वतःचेच नाव

शोधाची शेवटची पायरी म्हणजे शोधणाऱ्याला आपलेच नाव सापडणे. लंडनमधील जॉन रीव्ह आणि लोडोविक मगल्टन हे चुलतभाऊ व्यवसायाने शिंपी होते. १६५२ च्या फेब्रुवारीत रीव्ह यांना वाणी झाली की आपण दोघे प्रकटीकरणातील दोन साक्षी आहो. आशीर्वाद देण्याचा व शाप देऊन माणसाला सदासर्वकाळासाठी दंडास पात्र ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला. रीव्ह १६५८ मध्ये व मगल्टन १६९८ मध्ये वारले. श्वापदाने त्यांना मारले नाही, साडेतीन दिवसांनी ते उठले नाहीत, तरी अनुयायांची लहानशी परंपरा तीन शतके चालू राहिली. तिचा शेवटचा ज्ञात अनुयायी इंग्लंडच्या केंट परगण्यात १९७९ मध्ये वारला. त्याने फळांच्या पेट्यांत जपून ठेवलेली पंथाची कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत गेली.

हा प्रसंग वाचून हसू येईल, पण दुसरा प्रसंग हसण्याजोगा नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मार्शल ॲपलव्हाइट आणि बॉनी नेटल्स या दोघांनी आपण प्रकटीकरणातील दोन साक्षी असल्याचे जाहीर केले. आपण मारले जाऊ, साडेतीन दिवसांनी उठू, आणि ज्या मेघातून वर घेतले जाऊ तो मेघ म्हणजे अंतराळयान, अशी त्यांची शिकवण होती. कित्येकांनी घरेदारे सोडून त्यांचा मार्ग धरला. १९८५ मध्ये नेटल्स कर्करोगाने वारल्या. भविष्य खोटे ठरले असे कबूल करण्याऐवजी शिकवण बदलण्यात आली : देह हे केवळ वाहन आहे, ते मागे टाकावयाचे असते. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळच्या एका घरात ॲपलव्हाइट धरून ३९ जण स्वेच्छेने मरण पत्करलेल्या स्थितीत सापडले.

हनोख व एलीया म्हणणाऱ्या सश्रद्ध मनुष्याला या लोकांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला समज एकच आहे : हा उतारा एक कोडे आहे, त्याचे उत्तर दोन विशेषनामांत आहे, आणि ती नावे ज्याला कळली त्याला इतरांपेक्षा अधिक कळले. हा समज एकदा मंडळीच्या मनात रुजला, की अधिक धीट मनुष्य येऊन अधिक धीट नाव सांगतो, आणि त्याला अडविण्याचे साधन पाळकाच्या हाती उरत नाही. आज चित्रफितीतून येणारी नावे अशाच तयार जमिनीवर पडतात. सगळ्या राष्ट्रांचे लोक ती प्रेते पाहतील हे उपग्रहामुळेच शक्य झाले, असेही मोठ्या आवेशाने सांगितले जाते. वस्तुतः लोक, वंश, भाषा व राष्ट्रे ही योहानाला इफिसच्या बंदरावर रोज दिसत असत. त्यांना एकत्र आणावयास त्याला उपग्रहाची गरज नव्हती.

समयांची किल्ली

मग उताऱ्याचा अर्थ लावावयाचा कसा? किल्ली पुस्तकातच आहे, आणि ती पहिल्याच अध्यायात दिलेली आहे. पुनरुत्थित प्रभू सात समयांच्या मध्ये उभा आहे, आणि विसाव्या वचनात तो स्वतः सांगतो की सात समया म्हणजे सात मंडळ्या. प्रकटीकरणात प्रभूच्या मुखाने उलगडून दिलेली चिन्हे फार थोडी आहेत. त्यांपैकी हे एक आहे. दहा अध्याय पुढे त्याच पुस्तकात दोन समया येतात, तेव्हा त्यांचा अर्थ शोधण्यासाठी कॉन्स्टन्स किंवा लंडन येथे जाण्याचे कारण काय? चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर आफ्रिकेतील टायकोनियस यांनी हे ओळखले होते. साक्षी म्हणजे मंडळी. दोन हा आकडा दोन करारांमुळे, असे त्यांनी लिहिले, आणि बीडपर्यंतच्या लॅटिन टीकाकारांवर त्याचा प्रभाव राहिला.

आकड्याविषयी आम्ही अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे आधी बोट दाखवू : दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी. साक्ष ग्राह्य होण्यास दोघे पुरेत. प्रभूनेही बारा जणांना जोडीजोडीने पाठविले. जखऱ्याच्या दर्शनात समई एकच होती आणि तिच्या दोन बाजूंस जैतुनाची दोन झाडे होती. त्यांत बहुतेक टीकाकार यहोशवा हा मुख्य याजक व जरुब्बाबेल हा अधिपती पाहतात. योहानाने एका समईच्या दोन केल्या आणि झाडे व समया एकाच साक्षींना लागू केल्या. परिचित चित्रात त्याने केलेला हा बदल साक्षीच्या नियमासाठी आहे, असे आम्हांस वाटते.

पुस्तकातील इतर स्थळेही याला दुजोरा देतात. अकराव्या अध्यायात श्वापद साक्षींशी लढून त्यांना जिंकते. तेराव्या अध्यायाच्या सातव्या वचनात जवळजवळ त्याच शब्दांत ते पवित्र जनांशी लढते व त्यांना जिंकते. जे दोघांचे तेच सर्वांचे. साक्षींचे मरून उठणे मंडळीला कसे लागू करावे, अशी शंका येईल. पण ज्या दर्शनातून ते शब्द घेतले आहेत, त्या यहेज्केलाच्या खोऱ्यातील अस्थी म्हणजे इस्राएलाचे सगळे घराणे, असे तेथेच सांगितले आहे. श्वास येऊन पायांवर उभे राहणे हे मुळातच एका समूहाचे चित्र होते.

आणि "साक्षी" हा शब्द. ग्रीक "मार्तुस" या शब्दातून पुढे रक्तसाक्ष्याचा अर्थ निघाला. प्रकटीकरणात पहिला विश्वासू साक्षी स्वतः येशू ख्रिस्त आहे (१:५). त्यानंतर तेच पद पर्गम येथे जिवे मारल्या गेलेल्या अंतिपाला मिळते (२:१३). अंतिपाविषयी आपल्याला याहून अधिक काही ठाऊक नाही. त्या मंडळीने मात्र त्याला पाहिले होते. अकरावा अध्याय वाचला जात असता पर्गमच्या श्रोत्यांपुढे हनोख उभा राहिला असेल की अंतिपा?

उताऱ्याचा शेवटही या दृष्टीने पाहावा. रिचर्ड बॉकम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात दाखविले आहे की, येथे संदेष्ट्यांचा जुना हिशेब उलटा झाला आहे. आमोस व यशया यांच्या न्यायवचनांत दहावा हिस्सा उरतो. एलीयाच्या काळी सात हजार वाचले. येथे दहावा हिस्सा पडतो, सात हजार मरतात, आणि उरलेली बहुसंख्या देवाचे गौरव करते. पीडांनी जे पश्चात्तापास आले नाहीत (९:२०-२१), ते साक्षींच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवाकडे वळले. साक्षींच्या नावांवरून वाद करताना हा शेवट बहुधा न वाचताच राहतो, आणि अध्यायातील सुवार्ता तर तेथेच आहे.

दोन शंका

मंडळी म्हणजेच साक्षी, असे म्हटल्याने आपणही रीव्ह व मगल्टन यांच्यासारखे स्वतःचेच नाव सांगत नाही काय? ही शंका गंभीर आहे. तिचे उत्तर पुन्हा पुस्तकातच आहे. सात समयांपैकी पाचांना प्रभूने दोष दिला. केवळ स्मुर्णा व फिलदेल्फिया यांना दिला नाही, आणि त्या दोन्ही दुर्बळ व छळलेल्या मंडळ्या होत्या. इफिसच्या मंडळीला तर समई जागेवरून काढून टाकण्याचा इशारा मिळाला. समई असणे ही पदवी नव्हे. ती काढून घेतली जाऊ शकते. शिवाय साक्षींचा पोशाख गोणपाटाचा आहे. इतरांना पश्चात्ताप सांगणारा स्वतः पश्चात्तापाच्या वस्त्रात उभा आहे. ज्या मंडळीला हा पोशाख नको असतो, तिने हा अध्याय स्वतःला लावून घेऊ नये.

दुसरी शंका अशी की, मग अंतकाळी देव दोन व्यक्तींना उठविणार नाही काय? देवाचे हात आम्ही बांधीत नाही. मलाखीच्या वचनाची पूर्णता बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासारख्या एका जिवंत मनुष्यात झाली, तशी याही वचनाची एखाद्या दिवशी होऊ शकेल. पण तसे झाले तरी ते दोघे मंडळीच्या साक्षीचेच टोक असतील, तिच्या बदली माणसे नसतील. ते येईपर्यंत साक्ष थांबलेली आहे, असे म्हणण्यास शास्त्रात जागा नाही.

येथेच आमच्या मते या प्रश्नाचे खरे मर्म आहे. साक्षी पुरातन काळचे असोत, भावी काळचे असोत किंवा दूर देशीचे असोत, ते आपल्याखेरीज दुसरे कोणी ठरले की आपल्यावरील भार उतरतो. नावे शोधण्याची उत्सुकता पुष्कळदा या सुटकेसाठी असते, आणि शोधणाऱ्याला हे कळतही नाही. म्हणून विचारणाऱ्याला हिणवू नये. त्याच्या हाती उतारा द्यावा. प्रथम प्रकटीकरण १:२० वाचावे, मग जखऱ्या ४, मग सात मंडळ्यांची पत्रे, आणि अखेरीस अकरावा अध्याय. दोनतीन बैठकींत हे होऊ शकते. धर्मशिक्षकांनी तरुणांच्या वर्गात हाच क्रम ठेवावा. नावांचा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलाच, तर तो निराळ्या स्वरात विचारला जाईल, असा आमचा अनुभव आहे.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या कित्येक मराठी मंडळ्या लहान आहेत. मोठ्या नगरात, परभाषिकांच्या मध्ये, रविवारी थोडी कुटुंबे जमतात, आणि आपल्या साक्षीने काय होणार असे पाळकाच्या मनात येऊन जाते. योहानाने सात मंडळ्यांना लिहिले तेव्हा त्याही मोठ्या नगरांतील मूठभर माणसेच होत्या. त्याने त्यांना दाखविलेल्या दर्शनात समया दोनच होत्या, आणि देवाच्या न्यायासनापुढे साक्ष ग्राह्य होण्यास तेवढ्या पुरेशा होत्या.